दीड पावाची नानकटाई

कुडवा गावात मुन्नालालच्या भट्टीवर सामान आपलं न्यायचं आणि बिस्किटं भाजून आणायची. किलोभर मैद्याला तीन पाव तूप, हा तिथला ठरलेला हिशेब. टीनाने मात्र दीड पावच नेलं. उरलेल्याच्या जागी दही. सासरे सेवकराम यांना स्टेंट बसवून चार महिने झाले होते. डॉक्टरांनी त्यांचं तूप तोडलं होतं आणि सेवकरामांनी घरच्यांशी बोलणं. चहासोबत काही कुरकुरीत मिळेपर्यंत म्हातारा तोंड उघडणार नव्हता.

डबा आला आणि अबोला सुटला. नानकटाई जिभेवर ठेवताच विरघळत होती. पहिल्याच दिवशी सेवकरामांनी सहा खाल्ल्या आणि सुनेला बेटा म्हटलं. टीनाने लगेच व्हिडिओ काढून महिलांच्या ग्रुपवर टाकला: 'अर्ध्या तुपात पुरी मजा'. एकेचाळीस अंगठे आले. त्यात नणंदेचाही होता. तो टीनाने दोनदा उघडून पाहिला.

पाचव्या दिवशी ती पुन्हा भट्टीवर गेली. तिचं सामान पाहून मुन्नालाल हसला.

"भाभी, दीड पाव में बिस्किट नहीं, गिट्टी निकलती है. मागच्या टाइमले मीच आपल्या डब्यातलं वनस्पती तूप टाकलं. भट्टीचं नाव खराब झालं असतं ना. पैसे नाही लावले."

म्हणजे घरचं साजूक तूप वाचलं होतं आणि सासऱ्यांच्या पोटात वनस्पती गेलं होतं, तेही फुकट.

टीना सामान तसंच उचलून घरी आली. सेवकराम चौथी नानकटाई चहात बुडवत होते. तिने डबा ओढला आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. म्हाताऱ्याने बुडवलेली आधी खाऊन घेतली.

"मले पहिल्याच दिवशी समजलं. सत्तर वर्षं तूप खाल्लं, जीभ का आंधळी हाये? आता कायले डबा ओढून राहिली? ग्रुपवर सांगून दे, मी हातही नाही लावत."

टीनाने मोबाइल काढला, ग्रुप उघडला, नणंदेचं नाव पाहिलं आणि बंद केला. मग घासाघीस झाली. ती एकावर अडली, ते चारावर. रोज दोनवर मिटलं. डबा संपला की मात्र खरोखरच्या दीड पावाच्या, मग त्या कशाही निघोत.

संध्याकाळी ग्रुपवर शेजारच्या रुक्माबाईंनी विचारलं, "टीना, तुझ्यासारख्याच दीड पावात, घरच्या ओव्हनमध्ये केल्या. दाताने तुटून नाही राहिल्या. काय चुकलं?"

टीनाने लिहिलं, "दही आंबट असेल, काकू."