दहा पन्नासची घंटा

"आत्ता नाही वाजणार, सार," वादिराज म्हणाला आणि त्यानं लाकडी हातोडा पाठीमागे धरला.

अंगणातले सगळे त्याच्याकडे वळले. एकोणनव्वद साली विद्यापीठाच्या कुंभकोणम् केंद्रात जपानी दिग्दर्शक हिराओका यांचं शिबिर चाललं होतं. संध्याकाळी त्यांचे सिनेमे दाखवत. त्यांत फारसं काही घडत नसे, त्यामुळे ते थोर असल्याची प्राध्यापकांना खात्रीच पटली होती. आज विद्यार्थ्यांना धडा होता: एका साध्या माणसाचं एक साधं काम चित्रित करायचं. हिराओकांनी बोट दाखवलं ते नेमकं घंटेच्या शिपायाकडे.

तेव्हा दहा वीस झाले होते. घंटा दहा पन्नासला.

केंद्रप्रमुख शंकरनारायण घामाघूम झाले. "अरे, हा माणूस जपानहून आलाय! तीन टोले मार नुसते. नाटक म्हणून."

"घंटेला नाटक कळत नाही, सार. सात वर्गांत तास चालू आहेत. आधी प्राध्यापक उठतील, मग पोरं."

"मेमो देईन तुला!"

"द्या, सार. घंटा दहा पन्नासला."

इंग्रजी शिकवणारी विजयलक्ष्मी पाहुण्यांची दुभाषी होती आणि वादिराजच्याच तंजावरी मराठी गोतातली. ती घरच्या बोलीत हळूच म्हणाली, "अण्णा, ठोका की एकदा. सगळ्यांची लाज जाते."

"तुझ्या लग्नाचा मुहूर्त भटजीनं फोटोवाल्यासाठी अर्धा तास अलीकडे ओढला असता, तर चाललं असतं का गं?"

विजयलक्ष्मीला हसू आलं. तिनं हे मुहूर्तासकट पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं. तेवीस वर्षांत हा माणूस मिनिटभर चुकलेला नाही, स्वतःच्या मुलीच्या बारशालाही शेवटची घंटा देऊनच गेला, हे तिनं पदरचं जोडलं. हिराओकांनी ऐकून घेतलं, वादिराजसमोर कमरेत वाकले आणि सरळ पायरीवर जाऊन बसले.

"काय म्हणतात?" शंकरनारायणनी विचारलं.

"थांबतो म्हणतात."

खुर्ची मागवली, ती त्यांनी नको म्हटली. पाहुणाच पायरीवर, म्हणून विद्यार्थी जमिनीवर बसले. शेवटी पँट सावरत शंकरनारायणही खालच्या पायरीवर टेकले. तेवीस वर्षं ते येताना दिसले की वादिराज स्टुलावरून उठत आला होता. आज तो उभा आणि अख्खं केंद्र खाली. त्याला अवघडल्यासारखं झालं, नाही असं नाही. पण पाठ ताठच राहिली.

दहा पन्नास. कॅमेरा घरघरला. वादिराजनं टोले दिले. ना घाई, ना कॅमेऱ्याकडे नजर. तिसऱ्या टोल्याबरोबर शंकरनारायण सवयीनं उठले आणि कागद काखोटीला मारून तासाला निघाले, ते थेट कॅमेऱ्यासमोरून.

हिराओका विजयलक्ष्मीच्या कानाशी काही बोलले. तिनं वादिराजकडे पाहिलं. "अण्णा, परत एकदा हवंय म्हणतात."

"पुढची अकरा चाळीसला," तो म्हणाला.

ते ऐकून शंकरनारायण अर्ध्या वाटेवरून परत आले. पँट सावरत मघाच्याच पायरीवर बसले.