खिशातला न लिहिणारा पेन

बोलतोय तो मी पेन नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. दिसायला काळा, सडपातळ, टोकाला निळा दिवा, कुणीही फसावं. पण मी वाफ ओढायची नळी आहे. विजेवरची सिगरेट म्हणा हवं तर. ज्या घरात मी राहतो तिथे मला पेन म्हणतात, पेन म्हणूनच माझी पूजा झाली, आणि त्या पूजेतच माझा कारभार आटोपला. मेलेली माणसं बोलत नाहीत. मी माणूस नाही, म्हणून बोलतोय.

आणखी एक. मला वाढवून सांगायची खोड आहे. थेंबभर पाण्याचा ढग करून दाखवणं हाच माझा धंदा, त्यामुळे बोलण्यातही अधूनमधून ढग येतील. दसऱ्यापासून पुढचं मात्र जसं घडलं तसं सांगेन. तिथे वाढवायला काही उरलेलंच नाही.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यातला. तपासणीच्या टेबलावर माझी पहिली वाफ थेट छताला लागली आणि सगळ्या बायका काम सोडून बघत राहिल्या. बरं, दोघीच होत्या. आणि त्यातली एक जांभई देत होती. माझी शरीररचना साधी: खाली बॅटरी, मध्ये तापणारी तार, जिला ॲटोमायझर म्हणतात, आणि वर तोंडात धरायची टोपी. टोपीत कापूस आणि कापसात निकोटिनचं पाणी. तार तापली की पाण्याची वाफ होते. एवढाच संसार, पण तो सांभाळावा लागतो, आणि सांभाळणं म्हटलं की माणसं पाहुण्यासारखी वागायला लागतात.

२००९च्या मे महिन्यात लंडनमधल्या एका रविवारच्या बाजारात मला पुष्करने उचललं. पुष्कर मूळचा नागपूरचा, लंडनच्या सिटी भागातल्या एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळणारा, घर स्टॅनमोर उपनगरात. मार्चमध्ये त्याच्या हृदयात स्टेंट बसला होता. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की गोळ्या मी देतो, सिगरेट तुम्ही सोडा. दोन्हींतलं एकच झालं तर पुन्हा भेटू, आणि ती भेट तुम्हाला आवडणार नाही. त्याने निकोटिनचा च्युइंग गम चघळून पाहिला, दंडावर निकोटिनचे पॅच लावून पाहिले. शेवटी त्याची बायको सुनीती त्याला माझ्या स्टॉलवर घेऊन आली. ती हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांना पुन्हा चालायला लावण्याची तिला सवय आहे.

स्टॉलवाला टेरी स्वतः तीस वर्षं सिगरेट ओढलेला. त्याने पुष्करला चांगला अर्धा तास दिला. म्हणाला, नवीन माणसाने जाडी बॅटरी घ्यावी, दिसायला ठोंब्या असते पण दिवसभर चालते. दुसरी बॅटरी घ्यावी, म्हणजे एक चार्जिंगला आणि एक खिशात. ॲटोमायझर तर दोन घ्यावेतच, कारण तो जळतो, आणि ज्या दिवशी जळतो त्याच दिवशी तलफ दुप्पट येते.

पुष्करने सगळं ऐकलं आणि मला घेतलं. एकट्याला. कारण मी बारीक होतो, शर्टच्या खिशात शोभत होतो आणि ऑफिसात कुणाला पत्ता लागला नसता.

"दोन घेतले म्हणजे व्यसन झालं," तो सुनीतीला म्हणाला. "एक म्हणजे औषध."

"औषधाची पण दुसरी स्ट्रिप आणतोसच की," ती म्हणाली.

तो हसला. माणसं दारात उभी राहून आपण लगेच निघणार म्हणतात आणि तासभर बोलतात. तसा तो माझ्याकडे आला होता. राहायला आलोय हे कबूल करायचं नव्हतं, म्हणून सामान आणलं नाही. माझी सगळी कहाणी त्या एका न घेतलेल्या तारेची आहे.

पहिले आठवडे वाईट गेले. तो मला सिगरेटसारखा कचकन ओढायचा. मला सावकाश ओढावं लागतं, गरम चहाचा घोट घेतल्यासारखं. जोराने ओढलं की पाणीच तोंडात येतं, आणि ते कारल्याच्या रसाला गोड म्हणायला लावतं. त्यात तो कापूस भिजवायचा म्हणजे बुडवायचा. बॅटरी दुपारच्या मीटिंगआधीच मान टाकायची. ऑफिसच्या दारातल्या छपराखाली सिगरेटवाल्यांचा घोळका उभा असायचा. दोन वर्षांपूर्वी कायद्याने सगळ्यांना बाहेर काढलं होतं ना. त्यात पुण्याचा शशी होता. तो म्हणायचा, "काय रे, बाळाची बाटली आणलीस का आज?"

मी एकदा तिथे इतका ढग सोडला की अख्खी इमारत रिकामी करावी लागली. बरं, एक मजला. बरं, एक बाई खोकली.

पण पुष्कर शिकला, हे मान्य करायला हवं. रविवारी जेवणं झाली की तो मला उलगडायचा. तारेत फुंकर मारायची, कोमट पाण्यात बुडवून ठेवायची, मग कागदावर पालथी घालून पूर्ण सुकू द्यायची. बॅटरीच्या तोंडाला पाणी लावायचं नाही, कोरडा कापूस फिरवायचा. टोपीतल्या कापसाला कडेकडेने चार थेंब, वर तरंगतील इतके नाहीत. तार सुकेपर्यंत तो घरात येरझाऱ्या घालायचा, फ्रिज उघडायचा, बंद करायचा, सुनीतीवर उगाच चिडायचा. दुसरी तार असती तर हे झालं नसतं. पण सिगरेट त्याने घेतली नाही. जूनमध्ये एकदा स्टॅनमोर स्टेशनच्या त्या लांबलचक पायऱ्या तो मध्ये न थांबता चढला. मी खिशात होतो. तेवढा एक महिना माझ्या आयुष्यात अभिमानाचा आहे, आणि त्यात मी काहीही वाढवलेलं नाही.

जुलैमध्ये नागपूरहून पुष्करची आई आली, सुप्रभाताई, निवृत्त शिक्षिका. मुलाच्या छातीचं ऐकून, पथ्याचं करून घालायला. पुष्करचे वडील सिगरेटनेच गेले होते, फुप्फुसं निकामी होऊन. आणि त्यांच्या उशाशी बसून पुष्करने आईला शब्द दिला होता की मी कधी शिवणार नाही. तो तेव्हाही ओढत होता. त्यामुळे स्टेंट का बसला याचं घरगुती उत्तर 'ऑफिसचं टेन्शन' असं ठरलं. आणि पहिल्याच सकाळी आईने माझ्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं, तेव्हा पुष्करच्या तोंडातून निघालं, "पेन."

सुनीतीने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाली, सांगून टाक एकदा. रागावतील, रडतील, मग चहा टाकतील. तो म्हणाला, बघतो. बघतो म्हणजे काय हे सगळ्या मराठी बायकांना माहीत असतं.

पेन म्हणून मी दिवसभर खिशात, आणि रात्री बाथरूममध्ये नळ सोडून वाफ. आईला मात्र पेनाचा नाद. त्यांनी आयुष्यभर शाईच्या पेनाने वह्या तपासल्या होत्या. सामानात तीन पिशव्यांत गुंडाळून दौत आणि ड्रॉपर आणला होता. त्या विचारायच्या, एवढा जवळ बाळगतोस, कधी लिहिताना दिसत नाहीस? एकदा कंटाळून तो म्हणाला, शाई संपलीय, आई. ह्याची इथे मिळत नाही.

बस. तेवढंच तो बोलला.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी घरातली हत्यारं पुसून पाटावर मांडली गेली. लॅपटॉप, गाडीची किल्ली, सुनीतीची मापाची टेप, विळी, आईंचा पेन. आंघोळीला गेलेल्या पुष्करच्या शर्टातून आईंनी मला काढलं. टोपी ओढली. आत ओला कापूस, स्केचपेनात असतो तसा. त्यांनी चष्मा सरळ केला आणि ड्रॉपरने त्या कापसात निळी शाई सोडली. एकदा, मग पुन्हा. शिक्षिकेचा हात, एक थेंब बाहेर सांडला नाही. मग टोपी बसवून मला पदराने पुसलं आणि पाटावर आपल्या पेनाशेजारी निजवलं. माझं कुणी इतकं प्रेमाने कधी केलं नव्हतं. मी ओरडलो असतो, पण मला फक्त दिवा लावता येतो, आणि तोही कुणी ओढलं तर.

सकाळी हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. पुष्करने सोमवारच्या घाईत हात जोडले आणि मला उचललं.

"अरे, पूजेतलं संध्याकाळपर्यंत उचलू नये," आई म्हणाल्या. "एक दिवस पेनाशिवाय काय अडतं तुझं?"

"मीटिंग आहे, आई."

"मग पाटीवर श्री तरी काढून जा."

तो ट्रेनचं निमित्त सांगून पळाला. ऑफिसच्या छपराखाली त्याने मला तोंडात धरलं आणि सकाळभराची तहान एका दमात ओढली. ओठ निळे, दात निळे, जीभ निळी. आतली तार चुर्र झाली आणि जळक्या शाईचा असा वास सुटला की शशीसुद्धा दोन पावलं मागे सरला. मग त्याने पुष्करच्या तोंडाकडे पाहिलं, एकदाही हसला नाही, आणि आपलं पाकीट पुढे केलं. "ये परत माणसांत," म्हणाला.

दुसरी तार असती तर पुष्करने घरी जाऊन बदलली असती. ती नव्हती. टेरीचा स्टॉल त्या बाजारातून उठला होता, ऑनलाइन मागवायला आठवडा लागणार होता. आठवडाभराचाच प्रश्न आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि एक सिगरेट घेतली.

संध्याकाळी आईंनी विचारलं, "लिहितो का रे आता?"

"छान लिहितो," तो म्हणाला. तोंड धुऊन आला होता.

सुनीतीला त्याने खरं सांगितलं, शाईपर्यंतचं. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, आजच नवी तार मागव, दोन मागव. आठवड्याने त्याने सांगितलं की आली, बसवली. आली नव्हती. त्याने मागवलीच नव्हती. आठवडा संपला तेव्हा त्याच्या खिशात पाकीट होतं आणि तार मागवायची गरज वाटत नव्हती. मला तो तरीही रोज चार्ज करायचा. रोज रात्री, सगळ्यांना दिसेल असा, हॉलमधल्या प्लगवर. सुनीतीला कपड्यांचा वास आला की मला खिशातून काढून दाखवायचा: अगं, ह्याचंच, टोबॅको फ्लेवर घेतलाय ह्या वेळी. तिने विश्वास ठेवला. दिवसभर दुसऱ्यांची गुडघेदुखी ऐकून आलेल्या बाईला घरी एक तरी गोष्ट बरी झालेली हवी असते.

ज्याला सिगरेट सोडवायला आणलं, तोच मी सिगरेटचा साक्षीदार झालो. खोटा साक्षीदार. मला ढग करायची हौस होती ना.

डिसेंबरच्या सुरुवातीला आई निघाल्या. सुनीती गाडी काढत होती. हॉलमध्ये बॅगा, आई आणि पुष्कर. आईंनी त्याच्या कोटाची कॉलर नीट केली आणि हात तिथेच ठेवला.

"तुझ्या कोटाला वास येतो."

"ट्रेनमध्ये, आई. माणसं ओढून चढतात."

"तुझे बाबा ऑफिसातल्या माणसांवर ढकलायचे." त्या थांबल्या. "मी आले तेव्हा येत नव्हता. दसऱ्यानंतर यायला लागला. मी त्यात शाई घातली, त्यानंतर. काय होतं रे ते?"

बाहेर गाडीचं इंजिन चालू होतं. खिशात मी त्यांच्या बोटांच्या अगदी जवळ होतो. एका शब्दाचं काम होतं. रागावल्या असत्या, रडल्या असत्या, विमान चुकलं असतं, आणि कदाचित तो वाचला असता.

"पेन होता, आई."

"बरं," त्या म्हणाल्या. शाळेत पोरं वही घरी राहिली म्हणायची, तेव्हा म्हणत असतील तसं. मग त्यांनी खिशावरून मला थोपटलं, पुष्करला थोपटलं नाही, आणि गाडीत जाऊन बसल्या.

आता मी कोटाच्या आतल्या खिशात असतो, डाव्या बाजूला. शेजारी पाकीट असतं. आमचं बोलणं नाही. माझ्या पेचांत अजून कुंकू आहे. चार्जरवर लावलं की दिवा लागतो, त्यापलीकडे काही होत नाही. स्टॅनमोरच्या पायऱ्या पुष्कर आता मधल्या कठड्याला धरून चढतो, फोनवर बोलतोय असं दाखवून थांबतो. लोकांना फोन दिसतो. मला खिशाच्या कापडातून त्याचं हृदय ऐकू येतं, दोन ठोके पडतात आणि तिसरा विचार करतो. दर आठवड्याला तो थोडा अलीकडेच थांबायला लागलाय.

तुम्ही माझ्या जातीचं कुणी घरी आणणार असाल तर ठोंब्या घ्या, दोन घ्या, धूत जा. आणि घरात आल्याबरोबर सगळ्यांना सांगा की हे काय आहे. मला पेन म्हणू नका. मी खरंच पेन असतो तर आज सुनीतीच्या डब्याखाली एक ओळ लिहून ठेवली असती, तेवढी पुरली असती.

माझ्या अंगात शाई आहे. लिहिता येत नाही.