डावखुऱ्याच्या कपाटातला हातमोजा

मी एक हातमोजा आहे. थंडीत घालतात तो लोकरीचा नव्हे हं. तसल्या जोडीने राहणाऱ्यांशी आमचं काही नातं नाही. मी बेसबॉलच्या कॅचरचा हातमोजा. जाडजूड, गुबगुबीत आणि एकटा. कॅचर पिचरच्या समोर उकिडवा बसतो आणि पिचरने जीव खाऊन फेकलेला चेंडू माझ्यासारख्यात झेलतो. परत फेकायला त्याला उजवा हात मोकळा लागतो, म्हणून मी डाव्या हाताचा.

आणि राहतो कुठे, तर ओक इन्ह्वानच्या कपाटात. गांगनुंग या आमच्या गावच्या मैदानावर खेळाडूंची खोली आहे, तिथे खिडकीजवळ. इन्ह्वान म्हणजे आमच्या पाइन्स संघाचा सगळ्यात मोठा पिचर, आणि पक्का डावखुरा. तो फेकतो डाव्या हाताने, म्हणजे त्याचा हातमोजा उजव्या हातात. माझ्यात त्याचा हात जाऊच शकत नाही. मग मी इथे करतो काय? सांगतो. नाहीतरी दुसरं काम काय आहे मला?

माझा जन्म सोलमधल्या एका छोट्या कारखान्यातला. तिथला म्हातारा कारागीर भारी खडूस. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते ऐकायच्या आधीच नाही म्हणून मोकळा व्हायचा. त्याच्याकडे एक दिवस प्यो सांगउक आला. आमच्या संघाचा जुना कॅचर. रुंद खांदे, दुखरे गुडघे, आणि डाव्या हाताची करंगळी कधीतरी मोडून वाकडीच बसलेली.

"डावखुऱ्या पिचरसाठी हवाय," सांगउक म्हणाला. "त्याचा चेंडू शेवटी आत वळतो, गुडघ्याशी. खिसा जरा अंगठ्याकडे ठेवा."

"तुमच्या संघात डावखुरा आहे कुठे?" म्हाताऱ्याने चष्म्यावरून बघितलं.

"येणार आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो!"

म्हातारा गालातल्या गालात हसला. पण खिसा, म्हणजे चेंडू बसतो तो माझा खळगा, त्याने अंगठ्याकडेच ठेवला.

तो पिचर म्हणजे हाच इन्ह्वान. तेव्हा तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, मोक्पोच्या संघात होता. त्याचा करार संपला होता, आता हव्या त्या संघात जायला तो मोकळा होता, आणि झाडून सगळे संघ त्याच्या मागे लागले होते. इन्ह्वान आणि सांगउक एकाच शाळेत शिकलेले. शाळेच्या संघात एक वर्षभर हा फेकायचा, तो झेलायचा. मग एकाला इकडच्या संघाने उचललं, एकाला तिकडच्या. त्यानंतर इन्ह्वानचा चेंडू सांगउकने झेलला नाही, फक्त समोर बॅट घेऊन उभं राहून बघितला. गुडघे आता जास्त दिवस साथ देणार नव्हते. हा खेळ सोडायच्या आधी आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर, इन्ह्वानचा चेंडू झेलायचा. बस्स, एवढं एकच त्याच्या मनात होतं आणि त्यासाठी त्याने मला बनवून घेतलं होतं.

नवा हातमोजा लाकडासारखा कडक असतो. त्याला मऊ करावं लागतं. सांगउकच्या बायकोची, मिरानची, समुद्राजवळ टोफूची खानावळ होती. दुपारची गर्दी ओसरली की सांगउक कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचा आणि लाकडी हातोडीने माझा खिसा ठोकायचा. ठक, ठक, ठक. मग तेल. मग पुन्हा ठक, ठक.

"अरे, टोफू फुटतोय माझा त्या ठोकाठोकीने!" मिरान आतून ओरडायची. "आणि उशीखाली पण तोच. लग्न माझ्याशी केलंस की त्याच्याशी?"

"तू आधीच मऊ आहेस. याला वेळ लागतो."

"मऊ? मी? थांब, तुला जेवायला वाढते मी आज!"

काय सुखाचे दिवस होते हो. सकाळी यंत्रातून येणारे चेंडू, दुपारी हातोडी, आणि सगळा वेळ तो हात. हळूहळू मी त्या हाताच्या मापाचा झालो. वाकड्या करंगळीसाठी माझ्यात एक वाकडी जागा तयार झाली. चेंडू पडला की माझ्यातून असा फट्ट आवाज निघायला लागला की बघणारे मान वळवायचे. तो आवाज म्हणजे कॅचरची खरी कमाई. तो ऐकला की पिचरला वाटतं, आज आपल्याला कोणी रोखू शकत नाही.

आणि एक दिवस इन्ह्वान खरंच आला! खानावळीत, टोपी डोळ्यांवर ओढून, बातमीदारांना चुकवत. मिरानने त्याच्यापुढे वाफाळता टोफू ठेवला.

"वहिनी, मोक्पोत असं मिळत नाही."

"खोटं बोलू नकोस, तिकडचं जेवण आमच्याहून चांगलं. खा मुकाट्याने."

सांगउकने मला टेबलावर ठेवलं. "तो गुडघ्याशी आत येणारा चेंडू अजून टाकतोस ना?"

"टाकतो. पण आमच्या कॅचरकडून तो अर्ध्या वेळा निसटतो." इन्ह्वानने मला नुसतं बोटाने दाबून बघितलं. आत हात घालायचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्याच्या हातमोज्यात हात घालायचा नाही, हा या लोकांचा कडक नेम. घातला तर आकार बिघडतो आणि नशीबही, असं मानतात. "दादा, हा माझ्यासाठी?"

"मग काय भिंतीला टांगायला?"

इन्ह्वानने टोफू चाटूनपुसून संपवला. मग म्हणाला, "तुम्ही झेलणार असाल तर येतो."

जानेवारीत सही झाली. नवी टोपी घातलेल्या इन्ह्वानला सांगउकने फुलांचा गुच्छ दिला. दोघांचा फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आला. अहो, गांगनुंग नुसतं वेडं झालं! मासळीबाजारात कापलेल्या माकुळीच्या ढिगाऱ्यावर कोणी पाइन्सचा झेंडा रोवला. टीव्हीवरचे जाणकार, जे दर वर्षी आम्हाला तळाला घालायचे, ते आता मान डोलावून म्हणायला लागले की यंदा हा संघ पहिल्या तिघांत. खानावळीत तर रोज हीच चर्चा.

"यंदा शरदातलं बेसबॉल बघणार आपण," एक म्हातारा कोळी म्हणाला. उन्हाळाभर जिंकणाऱ्या संघांनाच शरदात खेळायला मिळतं, आणि आमच्या गावाने ते कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"दर वर्षी हेच म्हणता काका."

"दर वर्षी इन्ह्वान होता काय? आणि झेलायला आपला सांगउक!"

सगळे हसले. सांगउक मान खाली घालून मला तेल लावत होता, पण आनंदाच्या भरात एकाच जागी पुन्हा पुन्हा. ते फक्त मला कळलं.

आता इथे एक नियम आहे. बड्या खेळाडूला तुम्ही घेतलंत, तर तो ज्या संघातून आला त्या संघाला तुमचा एक खेळाडू भरपाई म्हणून उचलता येतो. वीस जणांना तुम्हाला राखून ठेवता येतं. बाकीच्यांतला त्यांना आवडेल तो त्यांचा. ते वीस ठरवायला संघाचे व्यवस्थापक बसले, तेव्हा शेवटच्या जागेसाठी दोन कॅचर उरले. सांगउक आणि मेंग दोयून, नुकताच संघात आलेला, उत्तम हातांचा. व्यवस्थापकांना धर्मसंकट पडलं. ते खानावळीत आले आणि त्यांनी सांगउकलाच विचारलं.

"दोयूनला ठेवा," सांगउक पटकन म्हणाला. "त्याला सोडलंत तर ते लोक उद्याच उचलतील."

"आणि तुम्ही?"

"मला कोण नेतंय, सर?" त्याने गुडघ्यावर थाप मारली. "हे भंगार घेऊन काय करतील ते?"

दोघंही हसले. मिरान हसली नाही. ती म्हणाली, "गंमत करू नकोस. नाव उघडं टाकलं की टाकलं." पण तिचं कोण ऐकणार? मीसुद्धा त्याच्या हातात निवांत पडून होतो. मूर्ख मी.

फोन आला तेव्हा खानावळ भरलेली होती. हंगामाआधीच्या सरावाच्या कॅम्पला जायची बॅग दाराशी तयार होती, मी तिच्यात सगळ्यात वर. सांगउक फोनवर "हो" म्हणाला. पुन्हा "हो" म्हणाला. मग त्याने फोन ठेवला आणि एका गिऱ्हाइकाचं रिकामं भांडं उचलून आत नेलं.

"काय झालं?" मिरानने विचारलं.

"मोक्पोने मला मागितलं. त्यांच्याकडे पोरसवदा पिचर फार आहेत, त्यांना शिकवणारा जुना कॅचर हवाय."

"मग नाही म्हण!"

"नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर खेळणंच बंद."

मिरानने त्याच्या पाठीवर जोरात एक धपाटा मारला आणि मग तिथेच डोकं टेकून रडायला लागली. बाहेर म्हातारा कोळी विचारत होता की अजून थोडी लोणची मिळतील का.

निघायच्या दिवशी सांगउकने आपला जुना, फाटका हातमोजा बॅगेत भरला. मला घेऊन तो मैदानावर आला. खोलीत कोणी नव्हतं, सगळे कॅम्पला गेलेले. त्याने माझ्यात हात घातला, मुठीने दोनदा ठोकलं आणि मला इन्ह्वानच्या कपाटात ठेवलं.

"याच्या चेंडूसाठी झालास, याच्याजवळ राहा," एवढंच म्हणाला. मला ओरडावंसं वाटलं, की मी चेंडूसाठी झालो असेन, पण वाढलो तुझ्या हातावर! हातमोज्याचं कोण ऐकतं?

कॅम्पवरून परतल्यावर इन्ह्वानने कपाट उघडलं आणि मला बघून तसाच उभा राहिला. मग त्याने आजूबाजूला बघितलं, नेम मोडला आणि उजवा हात माझ्यात घालून बघितला. अंगठा भलत्याच बाजूला. त्याने हात काढून घेतला आणि बाकावर बसला.

"इन्ह्वानदादा, मी वापरू का तो?" दोयूनने भीत भीत विचारलं. "पडून कडक होईल."

"तुला चालेल? दुसऱ्याचा?"

दोयूनने मला हातात घेतलं, करंगळीची ती वाकडी जागा चाचपली आणि परत ठेवलं. "नाही. यात कोणीतरी आहे."

चांगला मुलगा. त्याचा मला राग नाही.

एप्रिलमध्ये मोक्पोचा संघ आमच्या मैदानावर आला. सामन्याआधी सांगउक आमच्या लोकांना भेटायला आला, परक्या रंगाचा सदरा घालून. इन्ह्वानने मला त्याच्यापुढे धरलं.

"दादा, घेऊन जा. माझ्याकडे उगाच पडलाय."

"राहू दे. तिकडे तुझा चेंडू कुठून येणार?"

"मला माफ करा दादा. मी आलोच नसतो तर..."

"गप रे. मीच तुला बोलावलं, आणि मीच स्वतःला घालवलं. तू फेक नीट." त्याने माझ्याकडे बघितलं, पण हात लावला नाही.

इन्ह्वानने मला आमच्या बाकामागच्या खिळ्याला टांगलं आणि फेकायला गेला. म्हणून मला सगळं दिसलं.

सांगउक बॅट घेऊन आला तेव्हा त्याने हेल्मेट काढलं आणि आमच्या प्रेक्षकांना कमरेत वाकून नमस्कार केला. आमच्याकडे प्रत्येक खेळाडूचं एक गाणं असतं, तो खेळायला आला की प्रेक्षक म्हणतात. आमचे लोक उठून उभे राहिले आणि सवयीने सांगउकचं गाणं म्हणायला लागले. ढोलवाल्यानेही ढोल धरला. अर्ध्यात कोणाच्या तरी लक्षात आलं की हा आता समोरच्यांचा. गाणं विस्कटलं. काही जण म्हणत राहिले, काही खाली बसले. मिरान उभीच होती.

पहिला चेंडू स्ट्राइक, म्हणजे अचूक टप्प्यात आलेला किंवा बॅटला हुकलेला. असे तीन झाले की बॅटवाला बाद. दुसऱ्यावर त्याने बॅट फिरवली, हुकली. तिसऱ्याच्या वेळी इन्ह्वान थांबला, घाम पुसला, आणि मला कळलं. तो टाकणार. तोच.

चेंडू आला, शेवटी आत वळला, गुडघ्याशी. सांगउकने बॅट फिरवलीच नाही. त्याचा डावा हात बॅटवरून सुटला, जरासा पुढे आला आणि उघडला. झेल घ्यायला!

फट्ट. चेंडू दोयूनच्या हातमोज्यात पडला. सांगउक बाद झाला, सगळं गांगनुंग आनंदाने ओरडलं, आणि तो आपल्या उघड्या हाताकडे बघत राहिला. मग खाली मान घालून परक्या बाकाकडे गेला.

सामना आम्ही जिंकलो. त्यानंतरही पुष्कळ जिंकलो. शरदातलं बेसबॉलही गावाने बघितलं. मी कपाटातून आवाज ऐकला. इन्ह्वान अधूनमधून मला तेल लावतो, पण ठोकायला त्याला वेळ नसतो, आणि माझी कातडी पुन्हा ताठ व्हायला लागली आहे. ज्याच्यासाठी माझा जन्म, तो चेंडू मी आजवर एकदाही झेललेला नाही. रोज दार उघडलं की वाटतं, आला. आणि असतो इन्ह्वान, टॉवेल शोधत.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी इकडे आलात आणि कपाट उघडं दिसलं, तर मला खुशाल उचला, धूळ झटका, दोन शब्द बोला. फार बरं वाटेल. फक्त आत हात घालू नका. तिथे मी वाकड्या करंगळीच्या एका माणसाची जागा धरून ठेवली आहे.