नैवेद्याची बॅटरी

धाकू परबाला विमानाची भीती वाटत होती, आणि ही गोष्ट त्याने कुणालाही सांगितली नव्हती. बावन्न वर्षांच्या बाप्याने सांगायचं तरी कुठल्या तोंडाने? मरोळच्या एका गोडाऊनमधून शूटिंगसाठी कॅमेरे भाड्याने जातात, तिथे तो सव्वीस वर्षं अटेंडंट होता. अटेंडंटने कॅमेरा चालवायचा नसतो. त्याने कॅमेऱ्याबरोबर जायचं, पेटी सांभाळायची, लेन्सवरची धूळ पुसायची आणि सगळं जसंच्या तसं परत आणायचं. इंदूर, गोवा, पार काठमांडू, सगळीकडे धाकू ट्रेनने नाहीतर टेम्पोने गेला होता आणि प्रत्येक ठिकाणी पेटीवर एक हात ठेवूनच झोपला होता. विमानात तो कधी बसलाच नव्हता.

या वेळी नागपूरचं लग्न निघालं. संध्याकाळी हळद, आणि गोडाऊनचे मालक चंद्रप्रकाश शेठ यांनी काम घेतलं आदल्या दिवशी! "धाकू, आता उडायचं," शेठ हसत म्हणाले. धाकूही हसला. घरी आल्यावर त्याला भाकरी गिळवेना. बायको, वनमाला, बघत होती; पण विचारलं तर म्हणाला, "अॅसिडिटी."

सकाळी विमानतळावर कॅमेरामन केतन भेटला. तिशीच्या आतला, बोरिवलीचा, तोंडात सारखं यार आणि कानात सारखा हेडफोन. त्याने कालच फोनवर बजावलं होतं, "काका, सुट्या बॅटऱ्या पेटीत नाही टाकायच्या. विमानाच्या पोटात चालत नाहीत. हातातल्या बॅगेत घ्या, टोकांना टेप लावा." धाकूने अगदी तसंच केलं होतं. सहा बॅटऱ्या, विटेएवढ्या एकेक, पांढरी टेप लावून बॅगेत.

काउंटरवर पेटी पट्ट्यावर ठेवायची वेळ आली तेव्हा धाकूचा हात सुटेना. "सोडा ना काका!" केतन म्हणाला. पेटी हलली, पट्ट्यावरून पुढे गेली, रबराच्या झालरीखाली शिरली आणि गडप झाली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पेटी एकीकडे आणि धाकू दुसरीकडे.

विमानात केतनला पुढची सीट मिळाली, धाकूला पार मागची, मधली. खिडकीशी मुलुंडच्या एक मुख्याध्यापिका बसल्या होत्या, संघमित्रा कांबळे. त्यांनी आपणहून नाव सांगितलं, नागपूरला बहिणीकडे चालल्याचं सांगितलं आणि धाकूला पट्टा लावून दिला. पुढच्या सीटवरून दीड वर्षाची एक पोर मागे वळून धाकूकडे बघत होती. त्याने बोट पुढे केलं, तिने ते धरलं. बरं वाटलं त्याला.

विमान हललं. पोरीच्या आईने तिला पुढे वळवलं. हवाई सुंदरी सूचना सांगू लागली. सगळं इंग्रजी आणि हिंदी, निम्मं कानावरून गेलं. पण बॅटरी हा शब्द धाकूने बरोबर पकडला. बॅटरी गरम झाली, धूर आला, तर लगेच आम्हाला सांगा. धाकूने पायाशी ठेवलेल्या बॅगेत हात घातला. एक, दोन, तीन... सहा. सगळ्यांवर पांढरी टेप. हुश्श.

आणि मग त्याला लाल टेपवाली आठवली.

ही लाल टेपची भानगड नीट सांगायला हवी. धाकूला काम शिकवलं धोंडिराम उस्तादांनी. उस्ताद जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांचा नेम गोडाऊनमध्ये अजून चालतो: कॅमेरा उपाशी ठेवून पेटी बंद करायची नाही. बॅटरी लावायची, मग झाकण. आता चांगली बॅटरी पेटीत कशाला अडकवायची? म्हणून एक जुनी, शूटिंगला न पुरणारी बॅटरी याच कामाला ठेवलेली. तिला लाल टेप, आणि नाव नैवेद्याची बॅटरी. नवी पोरं हसायची, पण लावायची. न लावलेल्याचा कॅमेरा सेटवर बंद पडला की धाकू त्यांच्याकडे नुसता बघायचा.

या उन्हाळ्यात नैवेद्याच्या बॅटरीचं पोट फुगलं होतं. शेठना सांगू सांगू म्हणत धाकूने सांगितलं नव्हतं. काल दुपारी त्याने पेटी भरली, शेवटी सवयीने ती लाल टेपवाली घेतली आणि कॅमेऱ्याच्या पाठीला खट्‌कन लावली. हाताने केलं, डोक्याला विचारलंच नाही. वर शहाणपणा असा, की नैवेद्य रिकामा कसा दाखवायचा, म्हणून आधी तिला फुल चार्ज केली होती. सुटी नव्हती, कॅमेऱ्याला लावलेली होती, म्हणून पेटी तपासणीतून सरळ निघून गेली असणार.

धाकूच्या अंगाला दरदरून घाम फुटला.

फुगलेली बॅटरी काय करते हे त्याने बघितलं होतं. दोन वर्षांपूर्वी आरेच्या रस्त्यावर शूटिंगच्या व्हॅनमध्ये अशीच एक पेटली. आधी पांढरा धूर, मग शिट्टीसारखा आवाज, मग जाळ. बाटल्याच्या बाटल्या पाणी ओतलं, विझल्यासारखी व्हायची आणि पुन्हा भडकायची. व्हॅनचा सांगाडा तेवढा उरला. तिथे उड्या मारून पळता तरी आलं होतं.

बोलावं? बोललं की विमान थांबणार. पोलीस येणार. शेठ एका मिनिटात घरी बसवणार. आणि बावन्नाव्या वर्षी दुसरं काम देणार कोण? लग्नाची हळद जाणार, केतनचं नाव खराब होणार. आणि कदाचित काहीच होणार नाही. दीड तासाचा तर प्रश्न आहे. देवा रवळनाथा, दीड तास सांभाळ, उतरल्यावर पहिली ती बॅटरी फेकतो. त्याने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे पेटीच्या आतला काळोख आला, आणि त्या काळोखात फुगलेलं लाल टेपचं पोट. डोळे मिटणंसुद्धा जमेना.

"अहो, केवढा घाम आलाय तुम्हाला! पहिलीच वेळ का?" संघमित्राबाईंनी विचारलं.

"बाई," धाकू त्यांच्याकडे झुकून म्हणाला, "खाली माझी पेटी हा. त्यात खराब बॅटरी ऱ्हवली. पेटते ती. मी बघलंय."

बाई ओरडल्या नाहीत. "खाली म्हणजे... आपल्या खाली?" एवढंच म्हणाल्या. आणि हळूच त्यांनी चपलांसकट दोन्ही पाय जमिनीवरून वर उचलून धरले. जणू जमीन आत्ताच तापली होती.

धाकू त्या अधांतरी पायांकडे बघत राहिला. शेठ, हळद, पोलीस, सगळं डोक्यातून निघून गेलं. विमान वळून धावपट्टीच्या तोंडाशी उभं राहिलं होतं, इंजिनाचा आवाज वाढत होता. त्याने पट्टा काढायला घेतला, तो निघेना. "वरचा भाग उचला!" बाई म्हणाल्या आणि त्यांनी डोक्यावरची घंटी दाबली, एकदा, दोनदा, दाबतच राहिल्या. धाकू उभा राहिला.

"थांबवा! विमान थांबवा!"

"सर, सिट डाऊन!" मागून हवाई सुंदरी किंचाळली.

"खाली माझ्या पेटीत खराब बॅटरी आहे! माझी चूक आहे, मॅडम, माझी. उडवू नका!"

तिने क्षणभर त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि भिंतीवरचा फोन उचलला. इंजिनाचा आवाज उतरला. धाकूला आयुष्यात इतकं हलकं आणि इतकं मेल्याहून मेल्यासारखं एकाच वेळी कधी वाटलं नव्हतं.

पुढचा अर्धा तास लोकांनी त्याला काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. वेडा, दारुडा, फुकटचा तमाशा. शिडी लागल्यावर त्याला खाली उतरवलं. केतनही उतरला, चेहरा लालबुंद. "काका, वाट लावलीत यार! अहो, बॅटरी कॅमेऱ्याला लावलेली असते तेव्हा काय होत नाही! एवढ्यासाठी?" खरंच काही झालं नसेल तर, ही नवी भीती आता धाकूला खाऊ लागली होती. पेटी थंड निघावी की गरम, नेमकं काय मागावं देवाकडे?

विमानापासून लांब, उघड्यावर, पेटी आणून ठेवली. आगीचा बंब बाजूला उभा. जाड हातमोजे घातलेल्या अधिकाऱ्याने कुलपाचा नंबर विचारला, तो फिरवला आणि झाकण उघडलं.

आधी वास आला. करपलेल्या प्लास्टिकचा, गोडसर. धाकूने तो लगेच ओळखला. बॅटरी कॅमेऱ्याच्या पाठीवर होती, पण लाल टेप कडेने सुटून वळली होती, आणि बॅटरीभोवतीचा पेटीतला काळा फोम तपकिरी पडून मऊ झाला होता. अधिकाऱ्याने एक हातमोजा काढून हाताची पाठ जवळ नेली आणि झटकन मागे घेतली. मग चिमट्याने बॅटरी सोडवून वाळूच्या बादलीत पुरली. केतन तिथेच जमिनीवर उकिडवा बसला आणि बराच वेळ उठला नाही.

"कोणी लावली होती?" ऑफिसात आल्यावर अधिकाऱ्याने विचारलं.

"मी."

"खराब आहे हे माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग का लावली?"

धाकूने खूप विचार केला. "कॅमेरा उपाशी ठेवत नाय आम्ही, साहेब."

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. "हेच लिहू?"

"हेच लिहा."

शेठचा फोन केतनवर आला. केतन बाजूला जाऊन बोलला, परत येऊन म्हणाला, "काका, गोडाऊनची चावी माझ्याकडे द्यायला सांगितलीय." त्याच्या आवाजात आता यार नव्हतं. चावी घेताना त्याने धाकूचा हात दोन्ही हातांत धरला, आणि सोडताना त्यालाच जड गेलं.

पेटी बंद करायचं काम मात्र धाकूनेच केलं. कॅमेऱ्याची पाठ उघडी, रिकामी. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच. तरी झाकण लावलं.

खिडकीतून ते विमान वर जाताना दिसलं. उशिराने का होईना, उडालं. संघमित्राबाई त्यात होत्या, ती पोर होती. धाकू ते ठिपका होईपर्यंत बघत राहिला.

तेवढ्यात वनमालेचा फोन आला. "पोचलात काय?"

"नाय गो. अंधेरीतच आसंय."

"ह्या काय आता? इमान सुटला काय?" मग हळूच म्हणाली, "तुमका भीती वाटली काय?"

धाकूने पेटीवर हात ठेवला. आता समोर कुणी नव्हतं, आणि असतं तरी त्याला फरक पडला नसता.

"वाटली गो," तो म्हणाला. "लय वाटली. अजून वाटता." आणि बावन्न वर्षांचा बाप्या फोन कानाला लावून हमसून हमसून रडला.