वहिनीच्या मोबाइलवरचा आकडा

जीवनला सायकलचं वेड होतं आणि त्या वेडाला साथ द्यायला धाकटा भाऊ भूषण होता. न झोपता सहाशे किलोमीटर सायकल मारायची आणि मागून भूषणने गाडी घेऊन यायचं, हे ठरलेलं. यंदा मात्र डॉक्टरांनी बजावलं होतं: मागच्या फेरीत हृदय दमून फुगलंय, ठोके एकशे चाळीसच्या वर गेले की उतरायचं. मग चैतालीवहिनीने अट घातली. छातीला पट्टा बांधायचा आणि ठोक्यांचा आकडा तिला घरी मोबाइलवर दिसला पाहिजे.

सिन्नरच्या पुढे पहिल्याच चढाला तिचा फोन आला, दुसऱ्याला पुन्हा. जीवन वैतागला. नांदगावला चहाला थांबल्यावर त्याने पट्टा आणि मोबाइल भूषणच्या हातात ठेवला.

"तूच घाल. गाडीत बसून तुझे काय वाढणार आहेत?"

"आणि वहिनीला काय सांगू?"

"काही नको सांगू. सायकलवाल्याचं हृदय सावकाशच चालतं, हे मी तिला पटवून ठेवलंय."

भूषणला नाही म्हणता आलं असतं. पण दादापुढे त्याची जीभ कधी रेटलीच नव्हती. शर्टाखाली पट्टा बांधून तो गाडीत बसला. थोड्या वेळाने वहिनीचा मेसेज आला, 'अठ्ठ्याऐंशी! किती छान. जपून आणा त्यांना.' भूषणला स्वतःची लाज वाटली. वहिनीने त्याच्यासाठी वेगळ्या बांधून दिलेल्या दशम्या त्याने न खाताच बाजूला ठेवल्या.

दुपार कलली. कांद्याच्या ट्रॅक्टरमागून जाताना जीवनची सायकल दोनदा भरकटली. त्याचा एक हात छातीवर गेला आणि तिथेच राहिला. भूषणच्या छातीत धडधड सुरू झाली. तोच मोबाइल वाजला.

"भूषणभाऊ, एकशे बेचाळीस झालेत. आधी थांबवा त्यांना."

त्याने हॉर्न दाबूनच धरला. जीवनने सायकल कडेला घेतली आणि तो मैलाच्या दगडावर बसला.

"थांबले का?"

"थांबला." भूषणला घाम फुटला होता. "वहिनी, ते ठोके दादाचे नाहीत. माझे आहेत. नांदगावपासून पट्टा मीच घातलाय."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं,

"मग त्यांचे किती आहेत?"

भूषण शर्टाची बटणं सोडत धावला. त्याने दादाच्या छातीला पट्टा बांधला. जीवनने एकदाही नको म्हटलं नाही, आणि भूषणला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटली.