मांडीखालचा हात

सर्जेराव खुर्चीवर बसले की उजवा तळहात मांडीखाली दाबून ठेवत. चहा आला तर डाव्या हातानं घेत. पहिल्या रविवारी त्यांच्या मुलीला, अक्षताला, त्यात नवल वाटलं नव्हतं. दारू बंद केली की हात थरथरतात आणि माणूस ते लपवतो. पण आता कप काठोकाठ भरलेला असला तरी डाव्या हातातून थेंब सांडत नव्हता. उजवा मात्र तिथंच होता.

ती जालन्यात बियाण्यांच्या प्रयोगशाळेत उगवण तपासायचं काम करायची. काविळीनं दवाखान्यात पडली असताना तिथल्या भिंतीवर तिला या सभेचा फोन नंबर दिसला होता. दारू सोडू पाहणारी माणसं दर रविवारी एका शाळेच्या वर्गात जमतात, एवढंच त्यावर लिहिलं होतं. तेव्हापासून शनिवारी ती तीर्थपुरीला घरी जाई, रविवारी वडिलांना जालन्याला सभेला घेऊन येई आणि सभा संपली की त्यांना परतीच्या जीपमध्ये बसवून देई. महिन्यातून एकदा सभा घरच्यांसाठीही खुली असे. आज म्हणून ती मागच्या बाकावर होती.

"माझं नाव भिवा. मी मद्यपी हाय," एक वाळका माणूस उभा राहून म्हणाला. "मंगळवारी पेलो. बायको माहेरी गेल्ती. कुणी बघितलं न्हाई, म्हणून सांगून राह्यलो."

कुणी रागावलं नाही. सभा चालवणारा राजानंद रिक्षावाला होता. तो म्हणाला, "सांगितलं ना? बास. आता फक्त आजचा दिवस सांभाळ." मग तो सर्जेरावांकडे वळला. "मामा, तुम्ही? घरी मामी बोलू देत नसतील, इथं तर मोकळं रान हाय!"

वर्ग हसला. सर्जेरावही हसले.

"मी ऐकायला आलोय," ते म्हणाले.

मामा दर वेळी एवढंच बोलतात, हे राजानंदनं तिला आधीच सांगितलं होतं. आणि आईनं गुरुवारी फोनवर सांगितलं होतं की गोठ्यात पुन्हा दारूचा वास येतोय.

सभा संपल्यावर अंबड चौफुलीवर आले, तर जीप भरायला वेळ होता. दोघं एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. सर्जेरावांनी उजवा हात मांडीखाली घातला.

"आबा, ह्यो हात काहून दाबून ठेवता?"

"तुझ्या डोक्यावर ठेवला होता न ह्यो."



तिच्याआधी तो हात वसंताच्या, तिच्या धाकट्या भावाच्या डोक्यावर होता. आईच्या हट्टावरून सर्जेरावांनी दारू सोडायची शपथ घेतली होती. ती मोडली आणि त्याच पंधरवड्यात विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून वसंता गेला. स्टार्टरची वायर उघडी होती. अक्षतानं ती वडिलांना नेऊन दाखवली. त्यांनी वायर नीट पाहिली आणि तिथून गुत्त्यावर गेले. वर्षभरानं, दुसरं काहीच चालेना तेव्हा, तिनंच त्यांचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला. शपथ मोडल्यानं कुणी मरत नाही, हे तिला माहीत होतं. आबांना मात्र तसं वाटतं, हेही माहीत होतं. त्यांच्या भीतीचा तिनं औषधासारखा उपयोग केला. काही महिने ते टिकले. मग लपून प्याले. त्यानंतर तिला कावीळ झाली.

"तिथं उठून पेलो म्हणलं," सर्जेराव सांगत होते, "की चार माणसांत खरं होतं. मंग शपथ बाधती. जोवर बोललो न्हाई, तोवर तू बराबर राहशील."

"ह्या आठवड्यात?"

"बुधवारी."

"आणि मी तर धडधाकट बसलेय तुमच्याजवळ."

"म्हणूनच तर बोललो न्हाई, माय."

उघड्या वायरीचं पुन्हा सांगावं, असं तिच्या मनात आलं. पण ते आजवर किती वेळा सांगून झालं होतं. लहानपणी वसंता तिला शपथ घालायचा आणि ती रडवेली झाली की स्वतःच 'सुटली' म्हणायचा. ज्यानं घातली त्यानं म्हणायचं, की बांधलेला मोकळा. दवाखान्यातून घरी आली त्याच दिवशी आईनं तिला बजावलं होतं, "सुटली म्हणू नको हं बाई. तेवढाच एक धाक हाय त्यांना." आईचं ऐकलं म्हणून नव्हे, धाक गेला तर ते बेधडक पितील, ही भीती तिलाही होती म्हणून ती आजपर्यंत गप्प राहिली होती. जीप तीर्थपुरीत थांबते तिथून गुत्ता दिसतो. आजही ते तिथं एकटेच उतरणार होते.

"तीर्थपुरी! एकच सीट! चला बाबा, जल्दी!" ड्रायव्हर ओरडला.

सर्जेराव उठले. "जातो. जेव येळेवर. आंबट, तेलकट खाऊ नको."

त्यांनी उजवा हात खिशात घातला होता. अक्षतानं तो बाहेर काढला आणि दोन्ही हातांत धरला. तो कोरडा होता, गार होता, आणि थरथरत नव्हता. ते तिच्या केसांकडे बघत हात मागं ओढू लागले. तिनं सोडला नाही.

"आबा, सुटली."

"काय?"

"माझ्या डोक्यावरची शपथ. मी घातली होती, मीच म्हणते. सुटली."