घरातून जाणारी शीव

ऑडलिंग आणि स्नेथम या दोन गावांची शीव अँब्रोस टिलटच्या घरातून जाते. शीव आधीची की घर आधीचं, या वादात आमच्या इंग्लंडातल्या सफोकमध्ये ठरलेली लग्नं मोडलीत. घर ओकच्या तुळयांचं, कुडाच्या भिंतींचं. खिळा औषधालाही नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. बांधलं ओल्या लाकडात, त्यामुळे वाळता वाळता असं कलंडलं की ऑडलिंगमध्ये जमिनीवर ठेवलेलं अंडं घरंगळत स्नेथममध्ये जायचं आणि भिंतीला टेकेपर्यंत त्यातून पिल्लू बाहेर यायचं. खोटं वाटत असेल तर कोंबडीला विचारा.

दर वसंतात दोन्ही गावं पाद्रीबाबांच्या मागून शिवेवर काठ्या आपटत फिरतात. शीव कुठे आहे हे कुणी विसरायला नको ना! टिलटांकडे आलं की खिडकीतून आत, जमिनीवर काठ्या, मागच्या दारानं बाहेर. त्या वर्षी मात्र स्नेथमच्या क्रिकेट संघाचा कप्तान, मेजर प्रूअर, चुलीपाशीच थबकला.

"टिलट, ही चूल आमच्या हद्दीत येते."

"येऊ दे की. मग?"

"ज्याची चूल जिथे, तो माणूस तिथला. रिवाज आहे. शनिवारी ऑडलिंगविरुद्धच्या सामन्यात तू आमच्याकडून गोलंदाजी करायचीस."

अँब्रोसचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. त्याचा बाप, आजा, सगळे ऑडलिंगकडून खेळलेले. शिवाय आमच्याकडे चेंडू वळवणारा तो एकटाच. बाकीच्यांचा चेंडू सरळ गेला तरी आम्ही टाळ्या वाजवायचो.

"पाद्रीबाबा, हे खरं?"

"रिवाज तसाच आहे, लेकरा," पाद्रीबाबा म्हणाले. ते स्वतः ऑडलिंगचे, त्यामुळे आवाज रडवेला.

"असा उभा काय राहिलास खांबासारखा?" अँब्रोसची बायको हेस्टर कडाडली. "सासूबाई म्हणायच्या, घर बांधलं तेव्हा धुराडंच नव्हतं. चढ माळ्यावर!"

अँब्रोस चढला, मागून मी. धुराड्याजवळचे वासे लख्ख, आणि ऑडलिंगच्या बाजूचे? काळेकुट्ट! बोट लावलं तर काजळी. म्हणजे पूर्वी जमिनीपासून आढ्यापर्यंत एकच मोकळं दालन, मधोमध, म्हणजे ऑडलिंगच्या हद्दीत, जमिनीवर जाळ, आणि धूर वाट फुटेल तिकडे. पुढे कुणा हौशी टिलटनं मध्ये माडी घातली आणि टोकाला विटांचं धुराडं चढवलं, ते नेमकं शिवेपलीकडे. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. हे वासे मात्र इमानी निघाले.

"ती चूल कधीच विझली," मेजर खालून ओरडला. "आज जाळ कुठे आहे, ते बोला!"

"शनिवारी या बघायला," हेस्टर म्हणाली आणि पहार घेऊन आली.

तिनं माडीच्या फळ्या उचकटल्या, पलंग खाली आणला, धुराड्यात गवताचे भारे कोंबले आणि दालनाच्या मधोमध जाळ पेटवला. एवढा धूर फुकट कशाला घालवायचा, म्हणून वाशांना बेकनही टांगलं. नवरा-बायको त्या धुरात राहिले, जेवले, भांडले. शनिवारी मेजर आला, थंड चुलीत हात घालून बघितला, खोकला आणि मुकाट्यानं मैदानावर गेला.

अँब्रोस गोलंदाजीला आला तो अख्खा धुरावलेला, चालताबोलता बेकन. चेंडूलाही तोच वास. चेंडू हवेत असतानाच स्नेथमचे फलंदाज नाक पुढे करून क्रीज सोडायचे, आणि यष्टींमागे मी. तेव्हा मला वाकताही यायचं आणि सरळही होता यायचं. एकामागून एक यष्टिचीत!

शेवटचा मेजर. नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून आला. पठ्ठ्या बराच वेळ टिकला. पण नाक बंद म्हटल्यावर माणूस तोंडानं श्वास घेणार, आणि वास सरळ जिभेवर! डोळे मिटून तो दोन पावलं पुढे गेला. मी बेल्स उडवल्या.

"आऊट, मेजरसाहेब."

"कळलं रे," चिमटा काढत तो म्हणाला. "ते बेकन कधी वाढणार, ते सांग."

"या की," सीमारेषेवरून हेस्टर म्हणाली, "पण खिडकीतून नाही. आमच्या दारानं, ऑडलिंगच्या बाजूनं."